जावयाच्या गिटारीला चार तारा

सहदेव पेडणेकर यांनी दहिसरच्या चेकनाक्यावर सबंध नोकरी काढली, आणि त्या सबंध नोकरीत ताडपत्री उचलून पाहिल्याशिवाय त्यांनी जगातली एकही गोष्ट खरी मानली नाही. ट्रकवाला म्हणे, साहेब, कांदे आहेत. सहदेवराव म्हणत, दाखव. ही सवय संध्याकाळी खाकी शर्टाबरोबर खुंटीला टांगून ठेवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. दारात भाजीवाली आली की टोपलीतला वरचा थर बाजूला करून ते खालचा बघत. देवळात गेले तर हात जोडण्याआधी मूर्तीच्या मागे एकदा डोकावून येत. तेव्हा एकुलत्या एका मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाल्यावर स्थळाचीही ताडपत्री उचलली जाणार, हे उघडच होतं.

स्थळ नलिनीनेच आणलं होतं. मुलगा चंद्रप्रकाश मयेकर. घाटकोपरच्या चाळीत आईबरोबर राहणारा, कुर्ल्याच्या एका कारखान्यात कायम झालेला फिटर, मूळ गाव देवगडकडचं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. यातलं काहीही सहदेवरावांना चारचौघांत सांगण्यासारखं वाटलं नाही. कायम फिटर जावई काय, कोणालाही मिळतो. सांगण्यासारखी बाब एकच होती. मुलगा ऑर्केस्ट्रात होता. ते एकोणीसशे बाहत्तर-त्र्याहत्तरचे दिवस. मुंबईच्या उपनगरांत ज्या घरात पाण्याला नळ नव्हता त्या घरालाही ऑर्केस्ट्रातला एखादा नातेवाईक हवाहवासा वाटत होता. ‘स्वरतरंग’ ऑर्केस्ट्रात चंद्रप्रकाश बेस गिटार वाजवतो एवढं कळताच, बेस म्हणजे काय ते विचारण्यात वेळ न दवडता, सहदेवरावांनी नाक्यावर आणि बिऱ्हाडात जाहीर करून टाकलं, ‘‘आमचे जावई फार मोठे कलावंत आहेत.’’

नलिनीला बेस म्हणजे काय ते आधी कळलं होतं, नाव मागाहून कळलं. घाटकोपरला मैत्रिणीच्या लग्नात ती खुर्चीवर बसली होती. गाणं चालू होतं, आणि आपला पाय आपल्याला न विचारता हलतोय हे तिच्या लक्षात आलं. कोण हलवतंय म्हणून तिने स्टेज धुंडाळलं. गाणारा नव्हता, ढोलकवाला नव्हता. अगदी मागे, पडद्याला पाठ लावून एक किरकोळ अंगाचा मुलगा मान खाली घालून उभा होता आणि दोन बोटांनी जाड तारा ओढत होता. पाळण्याची दोरी ओढावी तशा. बाळाला दोरी दिसत नाही, झोका तेवढा कळतो. नलिनीला झोका कळला आणि तिने त्या मुलाशीच लग्न करायचं ठरवलं. एवढ्याशा तपासणीवर सहदेवरावांनी नाक्यावरून सायकलसुद्धा सोडली नसती.

मग बोरिवलीच्या मैदानावर ‘स्वरतरंग’चा कार्यक्रम लागला आणि सहदेवराव सगळा गोतावळा घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारी बायको पार्वती, पलीकडे तिचा भाऊ खंडू. हा खंडू गिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचा मुकादम होता. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्याला कानांपेक्षा डोळ्यांचा भरवसा जास्त.

पडदा उघडला. खंडूने मान उंच केली.

‘‘भावोजी, जावय खयचो?’’

‘‘तो. मागचा. पडद्याजवळचा.’’

‘‘तो वायरमन नाय?’’

‘‘हळू बोल रे!’’

खंडू दोन गाणी हळू बोलला, म्हणजे बोललाच नाही. तिसऱ्या गाण्याला त्याला राहवेना. ‘‘भावोजी, रागावू नका. पण बाकीच्यांच्या गिटारीक सहा तारा. आमच्या जावयाच्या गिटारीक चार. दोन तारा खय गेल्यो?’’

सहदेवराव खुर्चीत पुढे वाकले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. चारच होत्या. नाक्यावरच्या माणसाला याचा अर्थ एकच कळतो: माल कमी भरलाय. त्यातून आहे त्या चार तारासुद्धा मुलगा पुऱ्या वापरत नव्हता. एकदा ‘धुम्’ करायचा आणि थांबायचा. पुढचा गिटारवाला तेवढ्यात बोटं नुसती पळवत होता, डोळे मिटत होता, ओठ चावत होता, पोटात कळ आल्यासारखा वाकडातिकडा होत होता. बोटं इतकी हलत होती की त्याची मेहनत शेवटच्या रांगेतून दिसत होती.

‘‘पगार दोघांना सारखाच असेल का हो?’’ सहदेवरावांनी पार्वतीबाईंना विचारलं. त्या आपल्या मांडीवर दोन बोटांनी ठेका धरून बसल्या होत्या आणि कुठेतरी सुखात होत्या.

घरी आल्यावर चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष सहदेवराव, सदस्य खंडू, आणि तज्ज्ञ म्हणून मार्तंड मास्तर. मार्तंड मास्तर दहिसरला हार्मोनियमचे वर्ग घेत आणि गणपतीतल्या यच्चयावत स्पर्धांना परीक्षक असत. रांगोळी, वक्तृत्व, पाककृती, सुदृढ बालक, काहीही असो, मास्तर डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत. समितीपुढे प्रश्न गंभीर होता. ‘मोठा कलावंत’ असं जाहीर झालेलं होतं. जाहीर झालेला माल आणि प्रत्यक्ष माल यांत तफावत निघाली तर काय होतं, हे सहदेवरावांना कोणी सांगायला नको होतं.

एका रविवारी सकाळी मुलाला बघण्याचा कार्यक्रम झाला. सगळं रीतीप्रमाणे. पोहे झाले, फक्त या खेपेला नलिनी खुर्चीवर बसून ते खात होती आणि चंद्रप्रकाश गिटार छातीशी धरून सतरंजीवर अंग चोरून बसला होता. दाराच्या फटीतून शेजारच्या बायका डोकावत होत्या.

‘‘उभं राहा बघू,’’ खंडूने सुरुवात केली. ‘‘जरा चालून दाखव. गिटार घेऊन. हां. लंगडत नाय ता बरा.’’

‘‘मामा!’’ नलिनी ओरडली.

‘‘तू गप गं. तुझ्या आईकसुद्धा मी चालूकच सांगितलंलं… म्हणजे, ह्या भावोजींनी.’’

‘‘नाव?’’ मार्तंड मास्तरांनी डोळे मिटले.

‘‘चंद्रप्रकाश.’’

‘‘छंद?’’

‘‘बेस गिटार.’’

‘‘त्यात पुढे काय करायचा विचार आहे? म्हणजे, कधी मोठी गिटार मिळेल? पुरी तारांची?’’

‘‘मास्तर, ही पुरीच आहे,’’ चंद्रप्रकाश म्हणाला. ‘‘बेसला चारच असतात.’’

सहदेवरावांनी खंडूकडे पाहिलं. प्रत्येक ट्रकवाला असंच म्हणतो.

मग शेजाऱ्यांचा रेडिओ आणला गेला आणि त्यात गिटारीची वायर खुपसली. चंद्रप्रकाशने वाजवायला घेतलं. खोलीत फारसं काही घडलं नाही. फक्त फडताळातली पितळी भांडी हळूच हुंकार द्यायला लागली. हंडा घुमला, त्याच्यावरची कळशी घुमली. पलीकडच्या खोलीत सकाळपासून किरकिरणारं पोर चूप झालं. पार्वतीबाई पोह्याची कढई हातात घेऊन चुलीपुढेच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगोबाई, दळणाला बसल्यासारखं वाटतंय. जात्यावर ओवी कशी आपोआप येते, तसं.’’

समितीचा अभिप्राय ताबडतोब तयार झाला: भांडी हलली, वादक हलला नाही.

‘‘बाळा,’’ मार्तंड मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘‘कलावंताच्या तीन खुणा असतात. वेग, मुद्रा आणि घाम. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे की इथे अवघड काहीतरी चाललंय. तुझ्याकडे बघणाऱ्याला वाटतं, बस येईपर्यंत उभा आहेस.’’

‘‘मी भराभर वाजवलं तर गाणाऱ्याने उभं कुठे राहायचं, मास्तर?’’

‘‘तो त्याचा प्रश्न. लग्न तुझं आहे.’’

‘‘मी वाजवतो ते वाजताना कळत नाही,’’ चंद्रप्रकाश चाचरत म्हणाला. ‘‘पोवाड्यात मागे झीलकरी असतो ना, तसं. मी थांबलो की मग कळतं.’’

सहदेवराव ताठ बसले. पहिल्यांदाच मुलगा तपासता येईल असं काहीतरी बोलला होता.

‘‘छान. मग थांबून दाखवा.’’

पाहुणे गेल्यावर नलिनीने बापाला गाठलं. ‘‘बाबा, नाक्यावर भरलेला ट्रक तुम्ही लांबून कसा ओळखता?’’

‘‘आवाजावरून. रिकामा ट्रक खड्ड्यातून खडखडत येतो. भरलेला गुमान येतो.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मग?’’

‘‘चंदूपण गुमान येतो.’’

सहदेवरावांनी या मुद्द्याचा मनापासून विचार केला आणि म्हणाले, ‘‘नलू, ती जकात आहे. ही कला आहे. ट्रक मी एकटा बघतो. जावयाला सगळे बघतात.’’

थांबण्याची परीक्षा घाटकोपरला झाली, एका मंडळाच्या पटांगणात, टळटळीत दुपारी. समिती वहाणा काढून सावध बसली. गाणं ऐन रंगात आलं, पोरं खुर्च्या बाजूला सारून नाचायला लागली, आणि ठरल्याप्रमाणे मधल्या कडव्याला चंद्रप्रकाशने हात काढून घेतला.

गाण्याच्या पायाखालची फळी कोणी ओढून घ्यावी तसं झालं. गाणाऱ्याचा आवाज पतंगासारखा वर गेला आणि तुटून लोंबकळला. नाचणारी पोरं थांबून आपापल्या चपलांकडे पाहायला लागली. एका म्हातारीने सुनेचा दंड धरला आणि चक्कर येतेय म्हणून पाणी मागितलं. चंद्रप्रकाशने आशेने समितीकडे पाहिलं.

‘‘लाऊडस्पीकर बिघडला!’’ मागून कोणीतरी ओरडलं.

‘‘कोण आहे रे लाऊडस्पीकरवाला? धरा त्याला!’’

लाऊडस्पीकरवाला लहू. त्याने आईची शपथ घेतली की वायरी सगळ्या जागच्या जागी आहेत. शपथ पुरी होण्याआधी त्याच्या दोन मुस्काटात बसल्या होत्या. ते पाहून चंद्रप्रकाशने घाईघाईने पुन्हा वाजवायला घेतलं. गाणं जमिनीवर उतरलं, पोरं नाचू लागली, म्हातारीची चक्कर गेली.

‘‘दुरुस्त केलान बघ! लहू, झकास रे!’’

लहूने क्षणभर गोंधळून पाहिलं, मग नम्रपणे मान लववली. कार्यक्रम संपल्यावर मंडळाने त्याचा नारळ देऊन सत्कार केला. लहू भाषणात म्हणाला की बिघाड गंभीर होता.

समितीने निष्कर्ष काढला. तक्रार आली ती लाऊडस्पीकरची. दुरुस्ती केली ती लहूने. मयेकर यांचा या प्रकरणाशी संबंध दिसत नाही.

‘‘पण काका, तो मीच होतो!’’ चंद्रप्रकाश काकुळतीला आला.

‘‘असाल,’’ सहदेवराव म्हणाले, ‘‘पण तशी नोंद नाही.’’

आता प्रकरण निकराला आलं. मे महिन्यात सगळे गावी जाणार. तिथे भावकी विचारणार. त्याआधी होय की नाही ते ठरवायला हवं होतं. शिवाय खंडूने कुर्ल्याचं दुसरं स्थळ आणलं होतं. तो मुलगा अकॉर्डियन वाजवी, आणि वाजवता वाजवता कमरेतून मागे वाकून डोकं जमिनीला टेकवी.

‘‘वाजवतो कसा?’’ सहदेवरावांनी विचारलं.

‘‘वाजवता कसो म्हायत नाय,’’ खंडू म्हणाला, ‘‘पण वाकता बरो.’’

सहदेवरावांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली, यावरून पारडं कुठे झुकतंय ते नलिनीला कळलं. ती तडक घाटकोपरला गेली आणि स्टेशनबाहेरच्या इराण्याकडे चंद्रप्रकाशला चहा पाजत म्हणाली, ‘‘चंदू, तू उड्या मार.’’

‘‘काय?’’

‘‘उड्या. स्टेजवर. गिटार डोक्यामागे घे, गुडघ्यावर बस, दाताने वाजव, काय ते कर. नाहीतर त्या वाकड्याबरोबर माझी वाट लागली समज.’’

‘‘नलू, गाण्याची वाट लागेल.’’

‘‘लग्न होईपर्यंत लागू दे यार! मग परत नीट वाजव ना. मी कुठे पळून चाललेय?’’

‘‘एकदा चढलो की लोक खाली उतरू देत नाहीत.’’

‘‘तू आधी बाबांना चढव,’’ नलिनी म्हणाली आणि त्याच्या बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

पुढच्या कार्यक्रमाला चंद्रप्रकाश घेरदार बेलबॉटम घालून, केस कपाळावर घेऊन, पडद्याजवळून निघाला तो थेट गाणाऱ्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. गाणं अंगाईचं होतं. आई बाळाला निजवते आहे असा प्रसंग. चंद्रप्रकाशने पहिल्याच ओळीला उडी घेतली, दुसरीला गिटार मानेमागे नेली, तिसरीला गुडघ्यांवर घसरत पहिल्या रांगेपर्यंत आला आणि चौथीला जाड तार दातात धरून अशी हिसडली की पुढच्या दाताचा टवका उडाला. बोटं तारांवरून सैरावैरा धावत होती. त्यांना कुठे जायचंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाळ जागं झालं असतं ते सोडाच, पण पटांगणात एकही माणूस खुर्चीवर राहिला नाही. शिट्ट्या, टाळ्या, ‘वन्स मोअर’. घामाचे थेंब सहदेवरावांच्या चष्म्यावर उडाले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. पुसणार कसे, डोळेही भरून आले होते.

‘‘आता चार तारा पुरतत,’’ खंडूने मान्य केलं. मार्तंड मास्तरांनी डोळे उघडले. परीक्षकपदाच्या कारकिर्दीत ते प्रथमच उघडले होते.

लग्न ठरलं आणि झालंही. स्वतःच्या लग्नात चंद्रप्रकाशला मुंडावळ्या बांधून उडी मारावी लागली, कारण भावकी त्यासाठीच देवगडहून आली होती. त्या वेळी गाणं कोणतं चालू होतं यावरून वऱ्हाडात दोन तट पडले. उडीबद्दल मात्र संपूर्ण एकमत होतं.

पुढचं सगळं शिस्तीत घडत गेलं. पोस्टरवर ‘स्वरतरंग’ हे नाव बारीक झालं आणि ‘उडीवाले चंद्रप्रकाश’ ठळक झालं. ते पाहून ढोलकवाला ढोलक डोक्यावर घेऊन गिरक्या मारू लागला, खंजिरीवाला मांडवाच्या खांबावर चढू लागला. गाणारा तेवढा काही करू शकत नव्हता, कारण त्याला गायचं होतं. म्हणून त्याला मागे, पडद्याजवळ हलवण्यात आलं. मंडळं करारातच घालू लागली की उडी कमरेपेक्षा कमी चालणार नाही. पावसाळी हवा असल्यास गुडघ्यापर्यंत सूट. मार्तंड मास्तरांनी हार्मोनियम विकून बेस गिटारीचे वर्ग काढले. तिथे पहिलं वर्षभर मान झटकणं, दुसऱ्या वर्षी गुडघ्यांवर घसरणं. गिटार ऐच्छिक होती. गिटार परवडत नसलेल्या होतकरूंनी धुणं बडवायचं धोपाटणं आणलं तरी चाले, आणि पहिल्या तुकडीत पहिला आला तो धोपाटणंवालाच. सहदेवराव निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्यांना या वर्गांचे मानद निरीक्षक करण्यात आलं. दर शनिवारी ते पट्टी घेऊन जात आणि उड्या मोजत.

नलिनी सगळ्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसत असे. एकदा संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने विचारलं, ‘‘चंदू, तू वाजवणार कधी?’’

‘‘रोज तर वाजवतो.’’

‘‘ते नाही रे.’’ तिने परातीतून हात काढला. ‘‘किती महिने झाले, माझा पाय हलला नाही.’’

चंद्रप्रकाशने कोपऱ्यातली गिटार उचलून तिच्या जाड तारा एकेक करून पुसल्या. मग म्हणाला, ‘‘रविवारी बोरिवलीला ये.’’

रविवारी संध्याकाळी मैदान भरलं होतं. मंडळाने उडीसाठी स्टेजच्या फळ्या मुद्दाम दुप्पट जाड घातल्या होत्या. सहदेवराव मानाच्या खुर्चीवर पट्टी घेऊन बसले होते. पडदा उघडला आणि चंद्रप्रकाश पुढे आलाच नाही. तो मागे गेला, गाणाऱ्याच्या दंडाला धरून त्याला हळूच पुढे आणून उभं केलं, आणि स्वतः पडद्याला पाठ लावून मान खाली घातली.

मग त्याने वाजवलं. अंगाईच होती. पहिला सूर असा आला, की पहाटे शेजारच्या घरात कोणी जातं फिरवायला घ्यावं आणि आपल्या अंथरुणाखालच्या जमिनीला आधी कळावं. दुसरा सूर येईतो मध्ये एवढी जागा होती की गाणाऱ्याने त्या जागेत पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मग तो त्या सुरांवरून असा चालत गेला जसा ओहोळातल्या दगडांवरून माणूस पलीकडे जातो, खाली न बघता, दगड आहेतच अशा खात्रीने. शब्दाशब्दांच्या मध्ये पाणी वाहत होतं आणि एकही शब्द भिजत नव्हता. नलिनीचा पाय हलला. तिने पदर तोंडाशी धरला. ती रडत होती की हसत होती ते तिलाही ठरवता आलं नसतं, आणि मागच्या कुठल्यातरी रांगेत कडेवरचं एक पोर खरोखरच झोपी गेलं.

दुसऱ्या कडव्यापर्यंत लोकांनी वाट पाहिली. मग कुजबुज झाली, मग शिट्टी आली, मग सगळं मैदान एका आवाजात ओरडायला लागलं, ‘‘उडी! उडी!’’ सहदेवराव उठले आणि नाक्यावर ट्रक अडवतात तसा त्यांनी जावयासमोर हात वर केला. जावयाने वर पाहिलं नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं, नीट खाली टेकलं आणि संपलं. टाळी एकच वाजली, नलिनीची. बाकीच्यांनी पैसे परत मागितले. ‘स्वरतरंग’ने त्याच आठवड्यात धोपाटणंवाल्याला घेतलं, आणि चंद्रप्रकाश मयेकर नुसता कायम फिटर राहिला. सहदेवराव येईल त्याला सांगतात की जावई फसवणुकीचा माल निघाला.

तुम्ही त्यांना हसू नका. वर त्याने वाजवलेल्याचा एक परिच्छेद आहे, दगडांचा आणि ओहोळाचा. तो तुम्ही कसा वाचलात ते आम्हाला दिसलं. पहिल्या ओळीनंतर नजर खाली घसरत गेली, तो उडी मारतो की नाही ते बघायला. सहदेवरावांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. या, बसा. पट्टी ते देतील.